लघवी गळणाऱ्या पेशंटची काळजी आणि नर्सचं काम: सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वॉर्डातल्या सिस्टर, ब्रदर, नर्सिंगचे विद्यार्थी आणि घरी आईवडिलांचं करणारी मंडळी सारखे पाठवत असतात, म्हणून एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगते, पॅड लावला म्हणजे काळजी घेतली असं होत नाही. आधी का गळतंय ते शोधायचं, आणि ते शोधण्याचं निम्मं काम नर्सच्याच हातात असतं, कारण पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ तीच असते.

१. थेंबभर लघवी गेली तरी त्याला लघवी गळणं म्हणायचं का?

हो. नको असताना लघवी बाहेर आली की ते गळणंच, मग थेंब असो नाहीतर अंथरूण भिजेपर्यंत असो. किती गळते यावर प्रकार आणि उपाय ठरतात, पण "थोडीशीच तर जाते" म्हणून सोडून देऊ नका. त्या थोडीशीसाठी माणसं बाहेर जाणं बंद करतात, प्रवास टाळतात, हसायलाही घाबरतात.

२. निदान डॉक्टर करतात, मग नर्सला प्रकार माहीत असून काय उपयोग?

उपयोग असा की प्रत्येक प्रकाराला नर्सिंग वेगळं लागतं. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना गळते ती स्ट्रेस प्रकारची (इथे स्ट्रेस म्हणजे पोटातला दाब, मनाचा ताण नव्हे, हा घोळ पेशंटच्या डोक्यात हमखास असतो). अचानक जोरात लागते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होते ती अर्ज (इंग्रजी urge, म्हणजे घाईची) प्रकारची. दोन्ही असतील तर मिक्स्ड, आणि हे बायकांमध्ये खूप बघायला मिळतं. ब्लॅडर (मूत्राशय) नीट रिकामंच होत नाही आणि भरून वाहतं ते ओव्हरफ्लो, त्याबद्दल प्रश्न १६ बघा. आणि ब्लॅडर ठीक आहे पण गुडघे चालत नाहीत, पायजम्याची नाडी सुटत नाही, संडास लांब आहे, कळत नाही, म्हणून कपड्यात होते ती फंक्शनल. ही शेवटची तर जवळजवळ पूर्णपणे नर्सनेच ओळखायची आणि नर्सनेच सोडवायची असते, कारण त्याला गोळी नाहीये.

३. वय झालं की हे होणारच ना?

नाही. वयाप्रमाणे ब्लॅडरची साठवण थोडी कमी होते, रात्री लघवी जास्त तयार होते, पुरुषांचं प्रोस्टेट वाढतं, बायकांमध्ये पाळी गेल्यावर तिथली त्वचा नाजूक होते, हे सगळं खरं. म्हणजे शक्यता वाढते. पण वय हे कारण म्हणून फाइलमध्ये लिहून मोकळं व्हायचं नाही. काल-परवापर्यंत कोरडे असलेले आजोबा आज अंथरूण भिजवतायत तर काहीतरी नवीन घडलंय. इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, वाढलेली शुगर, अचानक आलेला गोंधळ (डेलिरियम) किंवा पडल्यामुळे चालता न येणं, आधी हे सगळं बघा. यातलं बरंचसं दुरुस्त होतं आणि गळणंही थांबतं.

४. पेशंट स्वतःहून सांगतच नाही, विचारायचं कसं?

पडदा ओढून, आवाज खाली ठेवून, नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवून. "तुम्हाला लघवी गळते का?" असं धाडकन विचारलं की उत्तर "नाही" येतं. त्यापेक्षा "बऱ्याच जणांना खोकला आला की किंवा बाथरूमला जाताजाता थोडी लघवी होते, तुम्हाला होतं का असं काही?" असं विचारलं की मावशी लगेच बोलायला लागतात. आणि बोलायला लागल्या की मधे तोडू नका, त्यांना कितीतरी दिवसांनी कुणीतरी विचारलेलं असतं. जे सांगत नाहीत त्यांच्याही खुणा असतात, सारखी बाथरूमची जागा विचारणं, पाणी नको म्हणणं, उशीखाली घडी करून ठेवलेलं फडकं, गडद रंगाचेच कपडे, पाहुणे आले की लांब बसणं.

पेशंटसमोर दुसऱ्या सिस्टरला हाक मारून "अगं, बेड ओला केलाय बघ यांनी" असं कधीच नाही. हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं.

५. पहिल्यांदा तपासताना नेमकं काय काय बघायचं?

कधीपासून, दिवसा की रात्री, काय करताना, किती, लागल्याचं कळतं का, धार कशी आहे, जोर करावा लागतो का, जळजळ, रक्त. मग पोट साफ होतं का हे विचाराच, कारण खाली कडक शी अडकली असेल तर ती ब्लॅडरवर दाब देते आणि लघवी एकतर गळते नाहीतर अडते, आणि हे कारण सगळ्यात जास्त वेळा सुटून जातं. बाळंतपणं, ऑपरेशनं, शुगर, पॅरालिसिस, पार्किन्सन्स, मणक्याचा त्रास.

औषधांची यादी स्वतः वाचा. पाण्याच्या गोळ्या लघवी वाढवतात, शुगरच्या काही नव्या गोळ्या (एसजीएलटी-टू गटातल्या) साखर लघवीवाटे काढतात त्यामुळेही वाढते, झोपेच्या गोळ्यांनी लागल्याचं कळत नाही, बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि खोकल्याबरोबर गळते, काहींनी पाय सुजतात आणि ते पाणी रात्री लघवीतून निघतं, काही ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनी लघवी अडते. गोळी आपण बंद करायची नाही, पण "ही गोळी सुरू झाल्यापासून गळतेय" हे डॉक्टरांना सांगणारी बहुतेक वेळा सिस्टरच असते.

मग डिपस्टिक (लघवीत बुडवून बघायची पट्टी), लघवी करून झाल्यावर ब्लॅडरमध्ये किती उरली ते स्कॅनरवर, त्वचा कशी आहे, आणि पेशंटला उठून बाथरूमपर्यंत चालवून बघा. हे शेवटचं करून बघाच! बेडवरून उठायला किती वेळ लागतो, चप्पल कुठे आहे, दाराची कडी हाताला येते का, कपडे सोडता येतात का, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

६. ब्लॅडर डायरी म्हणजे काय, आणि ती खरंच कामाची असते का?

खूपच. निदान ३ दिवस, पेशंटने किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेले, किती एमएल झाली, कधी गळली, तेव्हा काय करत होते, किती पॅड बदलले हे लिहायचं. एमएल मोजायला खुणा असलेलं भांडं द्या, अंदाजाने लिहिलेले आकडे उपयोगाचे नाहीत. लिहिता न येणाऱ्यांसाठी थेंबाचं आणि पेल्याचं चित्र काढून टिक मारायला सांगा.

वाचायची कशी ते सांगते. साधारण मोठ्या माणसाचं ब्लॅडर ४०० ते ६०० एमएल धरू शकतं आणि दिवसाला ६ ते ८ वेळा जाणं नॉर्मल धरतात. डायरीत १४ वेळा आणि दर वेळी १०० एमएलच्या आत असेल तर ब्लॅडर उतावीळ झालंय किंवा पूर्ण रिकामं होत नाहीये. दर वेळी ४०० आणि एकूण ३ लिटरच्या वर असेल तर ब्लॅडरचा दोष कमी आणि पिणं जास्त, नाहीतर शुगर वाढलेली. एका आजींची डायरी माझ्या डोळ्यासमोर आहे, दिवसभर कोरड्या आणि सगळे ओले शेरे सकाळी ९ ते ११ मध्ये, तीन दिवस तसंच. पाण्याची गोळी ८ वाजता आणि नेमकं त्याच वेळात त्यांना फिजिओला न्यायचे, तिथे बाथरूम जिन्यापलीकडे. ब्लॅडरला काहीही झालेलं नव्हतं. फिजिओची वेळ बदलली आणि संपलं.

७. पाणी कमी प्यायलं तर गळणं कमी होईल ना?

उलट होतं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, ब्लॅडरला चावते, जास्त घाई होते, वर बद्धकोष्ठ आणि इन्फेक्शन. दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर, दिवसभरात थोडंथोडं, असं सांगायचं. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा पेशंट असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच पाळायची, हा आकडा त्यांना लागू नाही. चहा, कॉफी, कोला, दारू यांनी घाई वाढते, तर ते हळूहळू कमी करायला सांगा, कॉफी एकदम बंद केली की डोकं दुखतं आणि पेशंट दोन दिवसांत परत मूळपदावर. रात्रीसाठी प्रश्न ११ बघा.

८. पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम कसे शिकवायचे? पेशंट म्हणतात करतो पण फरक नाही.

फरक नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण चुकीचा स्नायू आवळत असतात. अरनॉल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा त्यांनी नुसतं तोंडी सांगितलं नव्हतं, स्नायू खरंच आवळला जातोय का हे बघायची सोयही केली होती. नंतर व्यायाम राहिला आणि बघणं सुटलं, आपण कागद हातात देतो आणि मोकळे.

असं सांगा: चारचौघात बसलात आणि वायू सरणार आहे, तो अडवायला जे आत आणि वर ओढाल तेच. बायकांना मागून पुढे ओढल्यासारखं वाटतं, पुरुषांना लिंगाचं मूळ आत गेल्यासारखं आणि अंडकोष किंचित वर आल्यासारखं. श्वास रोखायचा नाही, पोट, कुल्ले, मांड्या ढिल्या. पोटावर आणि मांडीवर हात ठेवायला सांगा म्हणजे चुकलं की त्यांचं त्यांनाच कळेल. सर्वात घातक चूक म्हणजे आवळण्याऐवजी खाली जोर करणं. प्रशिक्षण असेल तर पेशंटची परवानगी घेऊन आतून बोटाने तपासा, नसेल तर पेल्विक फ्लोअरच्या फिजिओकडे पाठवा.

किती करायचं? निदान ८ वेळा आवळणं, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने. सुरुवातीला २-३ सेकंद धरता आलं तरी चालेल, हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्यायचं, तेवढीच विश्रांती मधे, आणि शेवटी काही झटपट आवळणं. खोकला-शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग खोकायचं, ही सवय लागली की स्ट्रेस प्रकारच्या पेशंटला लवकर फरक दिसतो. लघवी करताना धार मधेच थांबवून व्यायाम करायला सांगू नका, त्याने लघवी मागे उरते. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळणं कमी होतं, हे पण सांगा, पण टोमणा न मारता.

९. ब्लॅडर ट्रेनिंग कुणाला आणि कसं?

अर्ज प्रकाराच्या ज्यांना समजतं आणि स्वतःच्या पायांनी जाता येतं त्यांना. डायरीतून बघायचं की आत्ता साधारण किती वेळाने जातात, समजा तासाने, तर तेवढ्यापासूनच सुरू करून दर आठवड्याला १५ ते ३० मिनिटं वाढवायची, ३-४ तासांपर्यंत पोचायचं. घाई आली की पळायचं नाही! पळालं की गळतं आणि पडायला होतं. आहे तिथे थांबा, बसता आलं तर बसा, पाच-सहा वेळा पटपट आवळा, मन दुसरीकडे न्या, लाट ओसरली की शांतपणे चालत जा. निदान ६ आठवडे लागतात, दुसऱ्या आठवड्यात पेशंट कंटाळतात, तेव्हा जुनी डायरी काढून शेजारी ठेवा, आकडे बघून हुरूप येतो.

१०. डिमेन्शियाच्या पेशंटला हे काही जमत नाही, मग डायपरच ना?

लगेच नाही. इथे आपण त्यांच्या वतीने आठवण ठेवायची. साधारण दर २ तासांनी जवळ जाऊन विचारायचं "बाबा, कोरडं आहे ना? बाथरूमला जाऊया का?", नेऊन आणायचं, कोरडे राहिले की कौतुक करायचं. काही दिवस करून बघा, फरक पडला तर चालू ठेवा. ज्यांना विचारून काही उत्तर येत नाही त्यांना ठरलेल्या वेळी न्या, सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, झोपायच्या आधी.

त्यांच्या खुणा शिका. कपडे ओढणं, उठबस, अस्वस्थ फेऱ्या, कोपऱ्याकडे बघणं, अचानक चिडणं. बाथरूमच्या दारावर मोठं चित्र, दार उघडं, दिवा चालू, कमोडचं सीट भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचं, कारण पांढऱ्यावर पांढरं त्यांना दिसतच नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक. कचऱ्याच्या डब्यात किंवा कुंडीत लघवी केली तर रागावू नका, त्यांना ती जागा तशीच वाटली, डबा उचलून दुसरीकडे ठेवा.

११. रात्री सारखं उठावं लागतं, अंथरूण भिजतं. काय करता येईल?

आधी बघा रात्री लघवी जास्त तयार होतेय की ब्लॅडर कमी धरतंय, डायरीतून कळतं. पाय सुजलेले असतील तर दुपारनंतर तासभर पाय उंच करून पडायला सांगा, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जाईल. पाण्याची गोळी सकाळऐवजी दुपारी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. झोपायच्या आधीच्या २ ते ४ तासांत पिणं कमी, पण बंद नाही. घोरणं खूप असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडत असेल तर रात्री लघवी वाढते. बेडजवळ कमोड किंवा युरीन बॉटल, बारीक दिवा, बेल हाताशी. बेल हाताशी म्हणजे खरंच हाताशी, उशीच्या मागे लटकलेली नाही.

१२. पॅड कधी द्यायचा आणि कुठला?

उपाय चालू असताना आधार म्हणून, आणि सगळे उपाय करून उरलेल्या गळण्यासाठी. पाळीचा पॅड चालत नाही, तो लघवीचा वेग झेलू शकत नाही आणि ओला राहतो. चालत्या-फिरत्या माणसाला छोटा पॅड किंवा पुल-अप, झोपून असलेल्याला चिकटपट्टीचा. साइझ कमरेच्या मापाने ठरवा, मोठा घेतला की जास्त शोषतो हा गैरसमज आहे, तो मांडीच्या फटीतून गळतो. लावायच्या आधी लांबीला दुमडून पन्हळ करा, आतल्या बाजूला हात न लावता पुढून मागे सरकवा. दोन पॅड एकावर एक नाही! खालच्यापर्यंत लघवी पोचतच नाही, फक्त उकाडा आणि घाम वाढतो. जाड अंडरपॅडचे थर, मॅकिंटॉश (रबरी कापड), वर चादर, असंही नको.

१३. त्वचा लाल होते, रॅश येतो. नेमकं काय लावायचं?

लावायच्या आधी धुवायचं कसं ते महत्त्वाचं. त्वचा मुळात थोडी आम्लधर्मी असते आणि तेच तिचं संरक्षण. लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनतो, त्याने हे संरक्षण जातं, आणि बरोबर शी लागली तर शीमधले पाचक रस अशा त्वचेवर जास्तच जोर करतात. म्हणून लघवी आणि शी दोन्ही असलेला पेशंट सगळ्यात धोक्याचा. त्यात आपण साध्या साबणाने खसाखसा घासतो, म्हणजे राहिलेलंही जातं.

तर पीएच बॅलन्स्ड क्लीन्सर, नाहीतर नुसतं कोमट पाणी आणि मऊ कापड, पुढून मागे, टिपून कोरडं, घड्यांमध्ये विशेष. मग बॅरियर क्रीम, झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोनचं, पातळ थर. जाड थापलं की पॅडची छिद्रं बुजतात आणि लघवी शोषलीच जात नाही, हे घरी करणाऱ्या ताईंना मुद्दाम सांगा. पुढच्या वेळी झिंकचा सगळा थर खरवडून काढायचा नाही, घाण झालेला वरचा भाग तेवढा पुसायचा आणि परत लावायचं. पावडर नको, घड्यांमध्ये गोळे होऊन घासते. लालीच्या कडेला बारीक बारीक लाल ठिपके आणि खाज असेल तर बुरशी झालीय, त्याला वेगळं मलम लागतं, डॉक्टरांना दाखवा.

१४. हा रॅश आहे की बेडसोर, कसं ओळखायचं?

ओलाव्याचा रॅश पसरट असतो, कडा अस्पष्ट, घड्यांमध्ये आणि जिथे जिथे ओलं लागतं तिथे, वरवरचा, चकचकीत, जळजळणारा. बेडसोर हाडाच्या उंचवट्यावर, माकडहाड, खुबा, टाच, कडा स्पष्ट, आणि खोल जाऊ शकतो. बोट दाबून लाली जाते का बघतात, पण सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळी, गरम किंवा कडक लागते का ते हाताने बघा. दोन्ही एकत्रही असतात, ओली त्वचा दाबाने लवकर फाटते. शंका असेल तर दोन्हींची काळजी घ्या, कूस बदलणं थांबवू नका.

१५. नातेवाईक म्हणतात कॅथेटरच (लघवीची नळी) घाला, सोपं पडेल. का नाही?

कारण पेशंटला ते सोपं पडत नाही. कॅथेटर आत राहिला की दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, म्हणजे महिनाभराने जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यात इन्फेक्शन, खडे, जखम, ओढून काढणं, पिशवीमुळे चालणं बंद. लघवी अडणं, पार्श्वभागावरची खोल जखम भरून यायची असणं, गंभीर पेशंटची तासातासाची मोजणी, शेवटच्या दिवसांत हलवलं की असह्य दुखणं, अशा वेळी घाला. नुसतं गळतंय म्हणून नाही. आणि घातला तर रोज शिफ्टला विचारा, आज याची गरज आहे का? पिशवी ब्लॅडरच्या खाली पण जमिनीला न टेकता, नळी मांडीला बांधलेली, जोड उघडायचा नाही, दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी.

पुरुषांना बाहेरून लावायचा कॉन्डोम कॅथेटर चालू शकतो. माप घेऊन साइझ, टोकाशी दीड-दोन सेंटिमीटर जागा, कातडी मागे ओढली असेल तर परत पुढे आणायची, साधी चिकटपट्टी गोल गुंडाळायची नाही (रक्तपुरवठा बंद होतो), रोज काढून त्वचा बघायची. गोंधळलेला, ओढणारा पेशंट असेल तर विचार करून.

१६. दर तासाला थोडी थोडी लघवी होते, सतत ओलं असतं, म्हणजे ब्लॅडर रिकामं आहे ना?

इथेच फसायला होतं. ब्लॅडर तुडुंब भरलेलं असतं आणि वरचं वर सांडत असतं. ओटीपोटावर हात ठेवा, फुगवटा लागतो का, दाबलं की अस्वस्थ होतात का, धार बारीक आहे का. पुरुषांत प्रोस्टेट, जुनी शुगर, मणक्याचा त्रास, कडक शी, काही औषधं ही नेहमीची कारणं. लघवी करून आल्यावर लगेच स्कॅन करा, ५० एमएलच्या आत उरली असेल तर ठीक, २००-३०० च्या वर असेल तर डॉक्टरांना कळवायचंच. अशा पेशंटला घाईची गोळी सुरू झाली तर लघवी पूर्ण अडू शकते, म्हणून आधी स्कॅन, मग गोळी.

इथे बऱ्याचदा आत ठेवायच्या कॅथेटरपेक्षा दिवसातून ४ ते ६ वेळा घालून काढायचा कॅथेटर चांगला. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की घरी नुसते स्वच्छ हात धुऊन केलं तरी चालतं, निर्जंतुकच हवं असं नाही. पेशंटला हे शिकवायला वेळ लागतो, बायकांना सुरुवातीला आरसा लागतो, पण जमलं की माणूस परत कामावर जातो.

१७. कॅथेटर असूनही बाजूने गळतंय. मोठ्या साइझचा घालू का?

नको. आधी नळी कुठे दुमडली आहे का, पेशंट तिच्यावर झोपलाय का, पिशवी वर आहे का, आत गाळ अडकलाय का, पोट साफ झालंय का बघा. हे सगळं ठीक असेल तर ब्लॅडर आकडी देऊन लघवी बाजूने ढकलत असतं, त्याला औषध असतं. मोठा कॅथेटर आणि तो आत धरून ठेवणारा मोठा फुगा आकडी वाढवतात आणि मूत्रमार्ग रुंद करतात.

१८. डिपस्टिक पॉझिटिव्ह आहे, वास येतोय, पण त्रास काही नाही. अँटिबायोटिक सुरू करायला सांगू का?

वयस्कर लोकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू सापडणं खूपच नेहमीचं आहे, कॅथेटरवाल्यांत तर असतातच. नुसता वास किंवा नुसती डिपस्टिक हे कारण नाही. नव्याने जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, अचानक वाढलेली घाई असेल तर कळवा आणि कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची लघवीची तपासणी) पाठवा. गोंधळ वाढला असेल तर पाणी, औषधं, पोट, दुखणं हे सगळं बघत बघत डॉक्टरांना सांगा. गरोदर बाई असेल तर मात्र त्रास नसला तरी उपचार लागतात.

१९. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर गळतंय, थांबेल का?

बहुतेकांचं कमी होतं. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर कॅथेटर निघाला की काही दिवस धो-धो गळतं आणि माणूस खचतो, म्हणून हे ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवा आणि व्यायामही आधीच शिकवा. सुधारायला काही महिने, कधी वर्षभर लागतं. कॅथेटर आत असताना आवळायचे व्यायाम नाहीत.

बाळंतिणीला ६ तासांत लघवी झाली नाही तर थांबू नका, ब्लॅडर तपासा. एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीतून देतात ती भूल) दिलेलं असेल तर तिला लागल्याचं कळतच नाही, आणि एकदा ब्लॅडर अतिताणलं की ते पूर्ववत यायला वेळ घेतं. व्यायाम प्रश्न ८ प्रमाणे.

२०. मणक्याला मार लागलेल्या पेशंटचं डोकं एकदम ठणकतंय, घाम येतोय, याचा लघवीशी संबंध?

असू शकतो, आणि ही इमर्जन्सी आहे. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं ब्लॅडर किंवा दुमडलेली नळी बीपी भयंकर वाढवू शकते. चेहरा लाल, नाडी मंद. लगेच उठून बसवा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे सैल करा, बीपी दर दोन-चार मिनिटांनी, नळी तपासा, आणि त्याच वेळी दुसऱ्याला डॉक्टरांना बोलवायला पाठवा. कॅथेटर नसेल तर भूल देणारी जेली वापरून लघवी काढावी लागते. ब्लॅडर मोकळं करूनही बीपी उतरलं नाही तर पुढचं कारण अडकलेली शी. अशा पेशंटचं नेहमीचं बीपी कमी असतं, म्हणून वरचं बीपी १४० सुद्धा त्याच्यासाठी जास्त असू शकतं, "नॉर्मलच आहे" म्हणून सोडू नका.

२१. डॉक्टरांना थांबून न राहता लगेच कधी सांगायचं?

लघवीत रक्त. लघवी पूर्ण बंद. पाठदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, पाय लटके पडणं, शीचाही ताबा जाणं. बाळंतपण, ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर योनीमार्गातून दिवसरात्र अखंड गळणं. ताप आणि कमरेत दुखणं.

२२. मुलगा आईचं करतो, दोघांनाही अवघड होतं. काय सांगायचं?

आधी आईंना विचारा त्यांना कोणाच्या हातून चालेल, हे कुणी विचारतच नाही. चादर किंवा टॉवेल वरून घेऊन त्याखाली काम कसं करायचं ते दाखवा, जे त्यांना स्वतःला पुसता येतं ते त्यांनाच करू द्या. करताना साध्या गप्पा, नाक मुरडणं नाही. आणि मुलालाही विचारा झोप होते का, कंबर कशी आहे, कारण तो थकला की आईंच्या अंगावर ओरडतो आणि मग रात्रभर दोघंही रडतात. बदलीला दुसरं माणूस मिळेल का हे त्याच्याबरोबर बसून बघा.

२३. रात्री गाढ झोपलेल्या पेशंटला पॅड बदलायला उठवायचं का?

सरसकट दर २ तासांनी दिवा लावून उठवणं मला पटत नाही, झोप मोडली की गोंधळ वाढतो आणि दुसऱ्या दिवशी पडायला होतं. त्वचा चांगली आहे, स्वतः कूस बदलतात, फक्त लघवीच आहे, तर रात्रीचा जास्त शोषणारा पॅड लावून झोपू द्या आणि पॅडवरची ओलाव्याची रेघ बॅटरीच्या उजेडात बघा. त्वचा लाल आहे, बेडसोर आहे किंवा स्वतः हलता येत नाही त्यांना कूस बदलायला जाताच ना, त्याच वेळी बदला, वेगळं उठवू नका. शी झाली असेल तर झोप कितीही गाढ असो, लगेच बदलायचं. आणि जे ठरलं ते हँडओव्हरला वेळेसकट सांगा, "रात्री १ ला कूस बदलताना पॅड बदलला, त्वचा ठीक, पुढचा ५ ला" असं, नुसतं "पॅड चालू आहे" असं नाही.